श्रीमंतांच्या शिकारखान्यातील गेंडा

सवाई माधवराव पेशव्यांचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम शनिवारवाड्यातील ते कारंजे उभे राहते. चाळीस दिवसांचा पेशवा, नाना फडणीसांच्या करड्या शिस्तीत वाढलेला मुलगा आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी माडीवरून कोसळून आलेला मृत्यू, एवढ्यात त्यांचे चरित्र आटोपण्याची आपली रीत आहे. नाटककारांनाही मोह पडला तो शेवटच्या प्रसंगाचाच. परंतु या अल्पायुषी राजपुरुषाच्या एका हिवाळ्याची साक्ष कागदावर जलरंगांत उमटून राहिली आहे, आणि ती ना दरबाराची आहे ना रणांगणाची. १७९० च्या नोव्हेंबर महिन्यात पुण्याच्या पर्वतीच्या पायथ्याशी, श्रीमंतांच्या शिकारखान्यात, गंगाराम चिंतामण तांबट नावाच्या एका मराठी चित्रकाराने समोर उभ्या असलेल्या गेंड्याचे चित्र काढले. त्या वेळी गेंड्याचा धनी सोळा वर्षांचा होता.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी विषय शोधताना मला हे चित्र आठवले, त्याला एक कारण आहे. ज्या राजकारणाच्या धामधुमीत ते काढले गेले, त्याचा धागा थेट आपल्या या बंगळूरशी येऊन जुळतो. तो कसा, ते पुढे येईलच.

सवाई माधवरावांचा जन्मच मुळी संकटात झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. त्यांची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रे घेतली खरी, पण कारभाऱ्यांनी एकजूट करून गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. हेच ते बारभाईंचे कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला आणि चाळीसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. थोरल्या माधवरावांहून सवाई निघावा या आशेने नाव ठेवले सवाई माधवराव. एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर केवढे हे ओझे! सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई गडावर सोबतीला होत्या. पण मूल तीन वर्षांचे होते न होते तोच गंगाबाई वारली. वडील पाहिलेच नव्हते, आई आठवण्याइतकी लाभली नाही. राहिले ते कारभारी, खिदमतगार आणि चौकीपहारे.

पुढील इतिहास सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांनी राघोबादादांची बाजू घेतली, १७७९ मध्ये वडगावला त्यांना मान तुकवावी लागली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते युद्ध संपले. १७८३ मध्ये श्रीमंतांचा विवाह थत्ते घराण्यातील रमाबाईंशी मोठ्या थाटात झाला, तेव्हा नवरदेवाला नववे वर्ष पुरे व्हायचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस राघोबादादा कोपरगावी वारले. बाहेरचा शत्रू असा हटला, तरी आतली धास्ती गेली नाही. नाना फडणीसांनी पानिपतही पाहिले होते आणि नारायणरावांचा अंतही. धन्याच्या जिवाला जपणे म्हणजे धन्याला नजरेआड न होऊ देणे, अशी त्यांची समजूत झाली असल्यास नवल नाही. श्रीमंतांना कोण भेटते, काय बोलते, याची खबर नानांना असे. नानांची निष्ठा वादातीत आहे. पण त्या निष्ठेच्या छायेत एका मुलाला मोकळा वारा किती मिळाला असेल, हा प्रश्न मनातून जात नाही.

मोकळा वारा होता तो पर्वतीच्या बाजूला. नानासाहेब पेशव्यांनी टेकडीवर देवस्थान उभारले आणि पायथ्याला तळे करविले. त्या तळ्याच्या मधोमध सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपतीची स्थापना केली. पुणेकरांच्या तोंडी तो तळ्यातला गणपती झाला. याच परिसरात श्रीमंतांचा शिकारखाना होता. सिंह, वाघ, बिबळे यांच्यासह तेथे अनेक जनावरे बाळगलेली होती आणि त्यांत एक गेंडाही होता. तरुण पेशव्याला जनावरांचे वेड होते, केवळ शिकारीचे नव्हे. त्या काळी पुण्यास येऊन गेलेल्या इंग्रजांच्या आठवणींत एक चमत्कारिक हकीकत नमूद आहे. श्रीमंतांच्या पाळीव काळविटांचा खेळ पाहण्यास पाहुण्यांना बोलावण्यात आले. वाद्ये वाजू लागली तशी ती काळविटे निर्धास्तपणे मंडळींत आली, झोपाळ्यावर चढली आणि सुरांच्या संगतीत झोके घेत राहिली. काळवीट हा किती बुजरा प्राणी आहे हे ज्याने माळावर त्याचा कळप पाहिला आहे त्याला सांगायला नको. त्याची भीती घालवायला दरारा उपयोगी पडत नाही. महिनोन्महिने कोणीतरी प्रेमाने खपावे लागते.

आता गेंड्याकडे वळू. मराठी मुलखाला गेंडा ठाऊक होता तो बहुधा मेलेला. गेंड्याच्या कातड्याच्या ढाली सरदारांच्या पाठीवर असत. त्याच्या शिंगाचे खड्गपात्र पितृतर्पणासाठी श्रेष्ठ मानले जाई. निगरगट्ट माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणण्याची रीतही आहेच. परंतु जिवंत गेंडा दख्खनच्या रानांत नव्हता. त्याचे वस्तीस्थान म्हणजे हिमालयाच्या पायथ्याची तराई आणि ब्रह्मपुत्रेचे खोरे, उंच गवताचा, पाणथळ प्रदेश. बाबराच्या काळी तो पश्चिमेला पार सिंधू नदीपर्यंत सापडे, आणि बाबराने त्याची शिकार केल्याचे त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुण्याचा हा गेंडा उत्तरेकडूनच शेकडो कोसांचा प्रवास करून आला असणार. दोन टनांच्या घरातील हे धूड, एरवी शांत, गवत खाणारे, चिखलात तासन्‌तास लोळण्यात सुख मानणारे. दिवाळीच्या महिन्यात पुण्याला पहाटे चांगलाच गारठा पडतो, पर्वतीभोवती धुके रेंगाळते आणि पावसाळ्यातील ओल हळूहळू सरत जाते. दलदलीत जन्मलेल्या त्या प्राण्याने तो कोरडा हिवाळा कसा काढला असेल?

चित्राचे महत्त्व कळण्यासाठी येथे थोडे मागे जावे लागेल, आणि तेही गोमंतकामार्गे. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून भेट मिळालेला एक गेंडा आल्बुकेर्कने गोव्याहून गलबतावर चढवून पोर्तुगालच्या राजाला पाठविला. त्या वर्षीच्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला आणि सारे युरोप चकित झाले. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर या श्रेष्ठ कलावंताने कोणाच्या तरी पत्रातील वर्णन व एक ओबडधोबड आकृती यांवरून त्याचे चित्र लाकडी ठशावर कोरविले. गेंडा त्याने स्वतः कधीच पाहिला नाही. त्यामुळे चित्रातील प्राण्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे जडवल्यासारखे दिसतात आणि खांद्यावर एक जादा शिंग उगवलेले आहे. पुढील अडीचशे वर्षे युरोपातील ग्रंथांतून बव्हंशी याच चित्राच्या नकला फिरत राहिल्या. ज्या गेंड्यामुळे हे घडले तो बिचारा पुढे पोपकडे रवाना झाला आणि वाटेत जहाज बुडून मेला.

म्हणून प्रत्यक्ष पाहून काढलेल्या गेंड्याचे मोल मोठे. योगायोग असा की १७९० मध्येच हिंदुस्थानातून एक गेंडा लंडनला पोहोचला, स्ट्रँड रस्त्यावर पैसे घेऊन लोकांना दाखविला जाऊ लागला आणि जॉर्ज स्टब्स या प्राणिचित्रांसाठी नावाजलेल्या चित्रकाराने त्याच सुमारास त्याचे तैलचित्र केले. ते लंडनच्या शल्यविशारदांच्या महाविद्यालयातील हंटर संग्रहालयाचे आहे. म्हणजे लंडनचा स्टब्स आणि पुण्याचा गंगाराम हे दोघे, एकमेकांची वार्ताही नसताना, एकाच सुमारास एकाच जातीच्या प्राण्यापुढे कागद-कुंचला घेऊन बसले होते. स्टब्सचे नाव कलेच्या प्रत्येक इतिहासात आहे. गंगारामाचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल?

गंगाराम तांबटाला या कामावर लावले ते चार्ल्स मॅलेट याने. मॅलेट १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील, म्हणून पुणे दरबारी आला. राजकारणात तो मोठा धूर्त होता, पण त्याला येथील लेण्यांविषयी, देवळांविषयी, प्राण्यांविषयी खरेखुरे कुतूहलही होते. या तांबट आडनावाच्या माणसाची नजर त्याने हेरली. पुढे वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची चित्रे व आराखडेही गंगारामाने त्याच्यासाठी केले. मॅलेटने वेरूळविषयी लिहिलेला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला, तो या रेखाटनांच्या आधारावर. विलायती चित्रकार जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्यास आल्यावर श्रीमंतांच्या अनुमतीने शनिवारवाड्यातच चित्रकलेचे शिक्षण सुरू झाले आणि गंगाराम तेथे शिकला. गेंड्याचे चित्र मात्र त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे. तेव्हा त्याला विलायती गुरू लाभलेला नव्हता.

आणि आता बंगळूरचा धागा. १ जून १७९० रोजी कंपनी, पेशवे आणि निजाम यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध पुण्यात तह झाला. त्याच्या मान्यतेचा दरबार ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात भरला. या दरबाराचे भव्य तैलचित्र वेल्सने योजिले होते. तो १७९५ मध्ये वारल्यावर त्याच्या साहित्यावरून टॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये पुरे केले आणि आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मध्यभागी सोळा वर्षांचे श्रीमंत बसले आहेत. या तहान्वये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला, आणि पर्वतीखाली गंगाराम गेंड्याचे अवयव निरखीत होता त्या नोव्हेंबरात धारवाडपुढे मराठी तोफा चालू होत्या. पुढच्या वर्षी, २१ मार्च १७९१ च्या रात्री, कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरचा किल्ला घेतला. कृष्णराजेंद्र मार्केटजवळ त्या किल्ल्याचा जो भाग उरला आहे त्याच्या भिंतीवर या हल्ल्याची फरशी बसविलेली आहे. आपल्यापैकी अनेक जण तिच्यावरून रोज जात-येत असतील. मे महिन्याच्या अखेरीस हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा मेलकोट्यानजीक कॉर्नवॉलिसला मिळाल्या आणि उपासमारीने गांजलेल्या इंग्रजी सैन्याला मराठ्यांच्या बाजारामुळे अन्न मिळाले. याच स्वारीत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. कर्नाटकात मराठ्यांचा अभिमान सांगताना हा कलंकही आपण प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. मठाला त्या प्रसंगी मदत केली ती टिपू सुलतानाने. १७९२ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने युद्ध थांबले.

हे सारे ज्याच्या नावाने आणि ज्याच्या शिक्क्याने चालले होते, त्या मुलाला त्यात कितीसा हात होता? पत्रे नाना लिहीत, फौजा सरदार चालवीत. शिकारखाना ही कदाचित एकच जागा असेल जेथे श्रीमंतांच्या इच्छेला काही अर्थ होता. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण १७९२ च्या जून महिन्यात महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले तेव्हा जे घडले ते या तर्काला पुष्टी देते. महादजींनी बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रे मोठ्या समारंभाने श्रीमंतांना अर्पण केली. त्यापेक्षाही त्या तरुणाचे मन त्यांनी जिंकले ते शिकारीच्या मोहिमांनी आणि मोकळ्या संगतीने. वाड्याबाहेर, घोड्यावर, रानात! नानांच्या पोटात गोळा उठला नसता तरच नवल. हे दिवस दीड-पावणेदोन वर्षे टिकले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीच्या छावणीत वारले, आणि त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. त्यापूर्वी १७९३ च्या आरंभी रमाबाईंचा अंत झाला होता आणि श्रीमंतांचा दुसरा विवाह यशोदाबाईंशी झाला होता. एकेक ओळखीचा चेहरा असा दूर होत गेला.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. श्रीमंत स्वतः छावणीत होते. या प्रसंगाची एक आठवण ग्रँट डफने दिली आहे. विजयाच्या आनंदात सारे दंग असताना श्रीमंतांची मुद्रा खिन्न दिसली. नानांनी कारण विचारले तेव्हा, शत्रूने इतक्या सहज शरण यावे आणि आपल्या लोकांनी न लढता मिळालेल्या यशाची एवढी फुशारकी मारावी, दोन्हीकडच्या या अधःपाताचे आपल्याला दुःख होते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. वीस वर्षांच्या तरुणाच्या तोंडी ही समज असामान्य आहे. सवाई हे नाव फुकट ठेवले नव्हते, असे येथे वाटून जाते.

पण वाड्यावर परतल्यावर पुन्हा तेच. शिवनेरीवर कैदेत असलेल्या राघोबादादांच्या मुलाशी, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाशी, श्रीमंतांचा गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. दोघे जवळजवळ समवयस्क आणि दोघेही, म्हटले तर, कैदेतच. नानांना हे कळले. पत्रे पोहोचविणाऱ्या बळवंतराव वामोरीकरांना किल्ल्यावर टाकले गेले आणि श्रीमंतांनाही बोल लागला. दसऱ्याच्या सुमारास श्रीमंतांची प्रकृती ज्वराने बिघडलेली होती. रविवारी, २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, ते माडीवरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, त्यांचे प्राण गेले. तो ज्वराच्या भ्रमातील अपघात होता की हेतुपुरस्सर घेतलेली उडी, याचा वाद इतिहासकारांनी शंभर वर्षांवर घातला आहे. मी त्यात पडत नाही. सरकारी नोकरीत तीस वर्षे कागद वाचल्यावर एवढे मात्र कळते की, ज्याच्यासाठी सगळे कागद लिहिले जातात त्याचे मन त्यांतील एकाही कागदावर नसते.

या दृष्टीने मला गंगारामाचे ते चित्र मोलाचे वाटते. पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांतून मोहिमा कळतात, वसूल कळतो, देणीघेणी कळतात. पण सवाई माधवराव सोळा वर्षांचे असताना पर्वतीखाली जाऊन कशाकडे टक लावून पाहत असतील, हे दाखविणारा कागद हा एकच माझ्या पाहण्यात आला, तोही छापील प्रतिकृतीच्या रूपाने. मूळ चित्र मॅलेटबरोबर विलायतेला गेले आणि आज अमेरिकेत, न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे. चित्र मराठी माणसाने मराठी राजधानीत काढले, पण कलाकेंद्र ब्रिटिश कलेचे! मॅलेटने ते जपले नसते तर मात्र आपल्याकडे ते उरले असते, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

माझ्या पिढीतील ज्यांचे बालपण पुण्यात गेले, त्यांना पर्वतीच्या पायथ्याचे पेशवे उद्यान आठवत असेल. १९५३ मध्ये तेथे प्राणिसंग्रहालय झाले, त्याच्या भोवताली फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली, आणि सुट्टीत आजोळी गेलेल्या आम्हा मुलांना शेंगदाण्याची पुडी घेऊन पिंजऱ्यांपुढून हलविणे घरच्यांना कठीण जाई. याच परिसरात पूर्वी श्रीमंतांचा शिकारखाना होता, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. सांगणाऱ्यांनाही ते ठाऊक नसावे. पुढे तेथील प्राणी कात्रजला अधिक ऐसपैस जागेत हलविण्यात आले. तळे तर केव्हाच बुजले होते, त्या जागी सारसबाग आहे. मधोमध गणपती तेवढा आहे तेथेच आहे, आणि हिवाळ्याच्या पहाटे त्याला लोकरी टोपडे व स्वेटर घालण्याची पुणेकरांची हौसही अजून चालू आहे.